पोळपाट घेऊन बंगळूरला

ताईने दोन तिकिटं काढायला सांगितली तेव्हा मला वाटलं, ती हेमंतसाठी मुलगी बघायला निघाली आहे. मी लगेच विचारलं, "मंडळी कुठली?"

"मंडळी कसली? मी खेळायला चाललेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. बंगळूरचं बेंगळुरू व्हायचं होतं आणि मारतहळ्ळीच्या आसपास आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे नाचणीची शेतं होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आज तिकडे नोकरीला आहेत आणि तुम्हीही अधूनमधून जात असाल. पण आम्ही दोघी बहिणी ज्या कारणासाठी गेलो, त्या कारणासाठी आमच्या ओळखीचं दुसरं कोणी गेल्याचं मला तरी माहीत नाही.

कारण सांगते. ताई एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. पन्नाशीच्या आत तिला संधिवाताने गाठलं. बोटं सुजली, वाकडी होऊ लागली आणि तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. भावजी आधीच गेले होते. मुलगा हेमंत इंजिनियर होऊन बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात लागला आणि त्याचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पुण्यात आईकडे राहिला. त्यात एक पोस्टमन होता. खांद्यावर पिशवी घेऊन विहिरी, कुत्री, डोंगर ओलांडत किल्ल्यापर्यंत टपाल पोचवायचा. ताईला त्याचा लळा लागला, पण खेळायचा रिमोट होता साबणाच्या वडीएवढा. त्यावरची बटणं तिच्या अंगठ्यांना दाबवत नसत.

दिवाळीत हेमंत घरी आला, त्याने हे पाहिलं आणि स्वयंपाकघरातला जुना पोळपाट उचलला. त्याला भोकं पाडून दारावरच्या बेलची सहा मोठी बटणं बसवली, चार डावीकडे, दोन उजवीकडे. रिमोट उघडून त्याच्या पोटातल्या तारा त्या बटणांना जोडल्या. आता ताई मूठ मिटून, तळहाताच्या कडेने बटणं दाबू शकत होती.

सवय व्हायला महिना गेला. आधी ती खुर्चीत बसून खेळायची आणि डावं-उजवं चुकायची. एकदा कंटाळून जमिनीवर मांडी घालून बसली, पोळपाट पोळ्या लाटायला ठेवतात तसा समोर ठेवला, घसरू नये म्हणून खाली नॅपकिन घातला. त्या दिवसापासून हात आपोआप जागेवर पडायला लागले. "मला इथेच बसायची सवय आहे गं, खुर्चीत कोण पोळ्या लाटतं?" ती म्हणाली.

हेमंतच्या कारखान्यातल्या मुलांचा एक छंद होता. गेम पुरा करता येतो का, हा प्रश्नच त्यांच्यात उरला नव्हता. कमीत कमी वेळात कोण पुरा करतो, याची घड्याळ लावून शर्यत चालायची. संक्रांतीच्या सुट्टीत मारतहळ्ळीजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत, क्लबमध्ये मोठी शर्यत होती आणि या वर्षी गेम नेमका पोस्टमनचा होता. हेमंतने आईचं नाव देऊन टाकलं. ताईने आधी त्याला फोनवर भरपूर झापलं, मग मला तिकिटं काढायला सांगितली.

गाडी पुण्याहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोचते. स्लीपरचं तिकीट तेव्हा दोनशेच्या आसपास होतं. सोलापूरला गाडी बराच वेळ थांबते, तिथे शेंगाचटणी घ्या, आणि वाडी जंक्शननंतर शाल हाताशी ठेवा. टीसीने बर्थखालून डोकावणारा पोळपाट पाहिला, त्याच्या तारा पाहिल्या आणि विचारलं, "हे काय आहे बाई?"

"पोळपाट."

"वायरचा?"

"बंगळूरला सगळं इलेक्ट्रॉनिक असतं," ताई गंभीरपणे म्हणाली. तो पुढच्या बर्थकडे गेला. कितीतरी महिन्यांनी ताई अशी खोडकर हसताना दिसली.

सकाळी स्टेशनबाहेर थंडी होती, आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि डिझेलचा मिळून एक वास. रिक्षावाल्याने चामराजपेटला मीटरप्रमाणे आणलं आणि उतरल्यावर म्हणाला, "स्वल्प जास्ती कोडी अम्मा." ताईला कन्नड येत नव्हतं, पण 'जास्ती' कळलं. तिने जास्ती दिले.

हेमंत तिथे एका जुन्या मराठी घराच्या माडीवर भाड्याने राहत होता. मालकीणबाई गंगूअक्का. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. मराठी बोलायच्या, पण ती मराठी कानाला एखाद्या गोड परक्या भाषेसारखी लागायची. "बन्नी अक्का, बसा. काफी आधी की अंघोळ? बंब पेटलाय, स्वल्प थांबलात तर कढत पाणी भेटतंय." त्यांनी एळ्ळु-बेल्ला पुढे केलं. तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाणे एकत्र केलेला तो तिकडचा तिळगूळ. "घ्या, आणि गोड बोला म्हणतात ना तुमच्याकडे? आमच्याकडे पण तेच म्हणतात, उगी कन्नडात."

कोपऱ्यावर उभ्याने खायचं एक छोटं हॉटेल होतं. तिथे खारा बाथ आणि केशरी बाथ, म्हणजे उपमा आणि शिरा, एकाच ताटलीत मिळतो आणि कॉफी 'बाय टू' मागायची, म्हणजे एकीची दोन करून देतात. सकाळी आठच्या आत गेलात तर चटणी ताजी असते.

शर्यतीचा गेम आणि टीव्ही, दोन्ही राव सरांचे. हेमंतचे साहेब. ते काही वर्षं अमेरिकेत होते आणि येताना दोन्ही घेऊन आले होते. ताईला सराव व्हावा म्हणून हेमंतने ते एका दिवसासाठी माडीवर आणून ठेवले होते. आमच्या पोळपाटाचा प्लग त्याला बसेना, पण हेमंतने जुना तसाच ठेवून शेजारी दुसरा जोडला आणि ताई जमिनीवर नॅपकिन घालून बसली.

पहिल्याच विहिरीत पोस्टमन पडला. पुन्हा पडला. कुत्र्याने धरला, मग परत विहीर.

"प्रवासाचा शीण आहे आई," हेमंत म्हणाला.

"असेल."

मी खाली गंगूअक्कांकडे गेले. त्या अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जानेवारीत तिकडे वालाच्या जातीच्या या शेंगांचा नुसता पूर असतो. मीही सोलायला बसले. वरून त्या गेमचं गाणं ऐकू येत होतं, तेच, पुण्यात ताईकडे भाजी निवडताना मी हजारदा ऐकलेलं. मध्येच पोस्टमन पडल्याचा घसरता सूर यायचा आणि गाणं पहिल्यापासून सुरू व्हायचं.

थोड्या वेळाने ते थांबलं आणि ताई खाली आली. पायरीवर बसली. हात मांडीवर उलटे ठेवले होते.

"हेमंतला सांगून परतीचं तिकीट बदलून घे," ती मला म्हणाली. "उद्या निघू."

"का गं?"

"गेले माझे हात. दाबायचं कळतं मला, पण हात पोचतच नाहीत. पुण्यात पोचत होते. महिन्याभरात आणखी गेले." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली. "डॉक्टर म्हणालाच होता, वाढत जाईल. आता पोळपाट धरवत नाही, उद्या चमचा."

गंगूअक्का सोलायच्या थांबल्या. वर हेमंत एकटाच खेळून बघत होता, गाणं पुन्हा सुरू झालं होतं. माझे हात चाळा म्हणून शेंगा सोलू लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला धाप लागल्यासारखं होतंय. गाण्याबरोबर सोलायला जावं तर हात मागे पडत होते.

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये मी चार वर्षं पियानो शिकले. आमच्या सिस्टर गोव्याच्या होत्या. पियानोवर लंबकाचं लाकडी ठोके-यंत्र ठेवायच्या आणि मी घाई केली की काही न बोलता पेन्सिलीने त्याच्याकडे खूण करायच्या. पियानो कधीच सुटला, पण ती पेन्सिल डोक्यात राहिली आहे.

मी माडीवर गेले. "हेमंत, हे गाणं जलद आहे."

"कुठलं गाणं?"

"गेमचं. सूर तेच आहेत, पण चाल जलद आहे. ताईकडे असं नाही वाजत."

"मावशी, गेम तोच आहे गं."

मी गुणगुणून दाखवलं, पुण्यातल्या चालीत. तो हसला, मग हसायचा थांबला. "पण कोण तपासणार? आईचा सेट तर पुण्यात."

"आमच्या नातवाचा पडलाय की माळ्यावर," जिन्यातून गंगूअक्का म्हणाल्या. "इथल्या बाजारातलाच. सरी, काढा."

ताईने आपली गेमची कॅसेट सवयीची म्हणून पर्समध्ये आणलीच होती. राव सरांच्या यंत्रात ती बसत नव्हती, नातवाच्या सेटमध्ये बसली. खालच्या टीव्हीवर गाणं सुरू झालं आणि मला तेच आपलं पुण्याचं दुपारचं स्वयंपाकघर ऐकू आलं. हेमंत हातातलं घड्याळ बघत वर पळाला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिसऱ्या वेळी जिन्यातच बसला.

"अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास," तो म्हणाला. "टीव्ही त्याच हिशेबाने करतात. चित्र जितक्यांदा बदलतं तितका गेम पुढे जातो. म्हणजे तिकडचं यंत्र इथे आणलं तरी पळतं आणि आपलं चालतं. आम्ही इथे कायम त्याच एका सेटवर खेळतो, कुणाच्या लक्षातच आलं नाही!"

ताईने हातांकडे पाहिलं. "म्हणजे पोस्टमन जलद झालाय," ती म्हणाली. "हात तेवढेच आहेत."

"तेवढेच आहेत, आई."

"मग तिकीट राहू दे."

राव सर संध्याकाळी आले. हा शोध ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कॉफीसुद्धा उभ्यानेच प्यायली. ताईला इंग्रजीत म्हणाले, "तुमच्यासाठी बाजारातला सेट लावू. तुमची वेळ वेगळी धरू."

"वेगळी म्हणजे शर्यतीबाहेर?"

राव सरांनी होकारार्थी मान हलवली.

"मग नको. सगळे खेळतात त्याच्यावरच खेळते. उद्यापर्यंत वेळ आहे."

रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी बसलो. मी स्टूलवर बोटाने ठोके द्यायचे आणि ती विहिरीकडे न बघता ऐकायची. डोळ्यांना जुनीच सवय होती, ती उशीर करायला लावायची. कानाला तसं नव्हतं. गाण्याची दुसरी ओळ सुरू झाली की चौथ्या ठोक्याला बटण दाबायचं, की पोस्टमन पलीकडे. गंगूअक्का दारात उभ्या राहून "ई सल, ई सल!" करायच्या, म्हणजे या वेळी, या वेळी. पुष्कळदा तो पडलाच. पण पडायची कारणं आता वेगळी होती आणि ताई त्यांच्यावर चिडू शकत होती.

दुसऱ्या दिवशी मार्केटवरून बस धरली. मारतहळ्ळीकडे जाणाऱ्या बसमध्ये डाव्या बाजूला बसा, सकाळी ऊन लागत नाही. क्लबच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक पंचविशीची. एकेकाने यायचं, राव सर शिटी वाजवणार, दोघं घड्याळ धरणार. मुलं रिमोट अंगठ्यांनी इतक्या वेगाने चालवत होती की मला पाहवेना.

ताईचं नाव आलं. ती चटईवर बसली, नॅपकिन अंथरला, पोळपाट ठेवला. मागून कोणीतरी ओरडलं, "अम्मा, चपाती एष्टु?" किती चपात्या, असं विचारत होता. हॉल हसला.

ताई वळली. इंग्रजीत म्हणाली, "तू जेवढ्या खाशील तेवढ्या. आधी हात धुऊन ये."

आता हॉल तिच्या बाजूने हसला. शिटी वाजली.

मी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ठोके मोजत होते. दुसरी ओळ, चौथा ठोका, बटणाचा टक आवाज, आणि गाणं न तुटता पुढे गेलं. विहीर झाली. कुत्री झाली. डोंगरावर एकदा तो घसरता सूर आला, पण ताईच्या मुठींचा टक टक आवाज थांबला नव्हता. मग एक धून वाजली जी मी त्या चालीत कधी ऐकली नव्हती. किल्ल्याची. हेमंतने मला हलवलं तेव्हा मी डोळे उघडले. पोस्टमन दारात उभा राहून सलाम करत होता.

ताई शेवटून चौथी आली. तिच्या मागे राहिलेल्या तिघांत तो चपातीवालाही होता. तो सरळ येऊन चटईवर बसला, "आंटी, प्लीज, एकदा" म्हणाला आणि पोळपाट पुढे ओढला. पहिल्याच विहिरीत पडला. मग रांगच लागली. मोठमोठे इंजिनियर मांडी घालून डावं-उजवं चुकत होते आणि ताई शेजारी बसून शिकवत होती, "बोटं नाही रे, मूठ. मूठ वापर. आणि बघू नकोस, ऐक." एकाचा हात तिने स्वतःच्या त्या वाकड्या हातांनी धरून जागेवर ठेवला. एरवी ती हे हात पदराखाली ठेवायची.

परतीची गाडी रात्री निघते. जेवण बांधून घ्या. गंगूअक्कांनी आम्हाला अवरेकाळूचा उपमा दिला होता, तो गुंतकलच्या आधीच संपला.

पुण्यात पोचल्यावर दोन दिवसांनी मी ताईकडे गेले. ती आपल्या जुन्या सेटसमोर बसली होती. गाणं इतकं संथ वाजत होतं की मलाच हसू आलं. पोस्टमन विहिरीच्या काठावर आला.

"बघ," ती म्हणाली. "केवढा वेळ आहे इथे. मला आधी दिसलाच नाही."

पुढे तिचे हात डॉक्टर म्हणाला तसे आणखी बिघडले, ते खोटं सांगत नाही. पण तो बिघाड हळूहळू झाला आणि तिने त्याच्याबरोबर हळूहळू जुळवून घेतलं. हेमंत दर दिवाळीला येऊन बटणं मोठी करायचा, जागा बदलायचा. चमचा तिच्या हातून कधी सुटला नाही. त्यालाही हेमंतने जाड लाकडी मूठ बसवली होती. एखादी गोष्ट जमली नाही की ती आधी त्या गोष्टीकडे संशयाने बघायची, मग हातांकडे.

त्या दिवशी तिने पोस्टमनला काठावर क्षणभर तसाच उभा ठेवला. मग सावकाश मूठ टेकवली आणि त्याला पलीकडे नेलं.