आप्पांना सांगितलेला नियम

सुपडू आप्पा. नाव आधीच लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. एक पत्र सोडलं, तर यापुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

पारोळ्याकडच्या शाळेतून बारावी होऊन सुरतेला आलो, तेव्हा आप्पांनी कोसाडच्या आपल्या खोलीत मला जागा दिली. नातं काही नाही, फक्त एका गावचे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातही त्यांनीच लावलं. कॉलेजची परीक्षा आली की माझ्या वाट्याची सहा मशीनं ते आपल्या मशिनांबरोबर चालवायचे. "तू जाय, पेपर दे. मशीनं मी देखसू." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्या पायांवर उभा राहून.

आप्पांना अक्षरओळख नाही. औषधाची बाटली, लाइटबिल, मतदार कार्ड — सगळं माझ्याकडे यायचं. "कागदमा काय शे ते तू सांगशी तेच खरं," म्हणायचे. हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं — म्हणून तर लिहितोय.

गेल्या विधानसभेला मी अपक्ष उभा राहिलो. पहिल्यांदाच. एक रिक्षा, एक भोंगा आणि पंधरा माणसं. प्रचार कसा करायचा ते आप्पांनी सांगितलं : दुपारी दारं वाजवायची नाहीत, रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात, पाळी सुटते तेव्हा कारखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी उभं राहायचं. मला वाटलं, हे दुसऱ्या कोणाला सुचणार?

पण आम्ही पोचायच्या आधीच समोरच्या पक्षाची माणसं तिथे हजर. एकदा — ठीक आहे. चौथ्यांदाही? कोणीतरी आतून सांगत होतं. मग मी बघायला लागलो. फोन आला की बाजूला कोण जातो, मला पाहून कोणाचा आवाज खाली येतो. आणि एके दिवशी लारीवर आप्पा दिसले. समोरच्या पक्षाच्या माणसाबरोबर चहा पीत. हसत.

विचारलं, तर म्हणाले, "आपला गावना शे तो. चहाले नही कसा म्हनू?"

सरळ उत्तर. मला मात्र ते फार पटकन आल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे खोटी ठिकाणं बोलू लागलो. ज्यांच्या ताटात जेवून शिकलो, त्यांच्यापुढे.

पण कबुली याचीही नाही. अजून पुढे जायचं आहे.

मतदानाच्या खोलीत प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस दिवसभर बसतो — पोलिंग एजंट. आप्पांनी माझ्याकडे आयुष्यात एवढंच मागितलं होतं. "जनम मशीनजवळ उभा राहीसन गया, पोऱ्या. एक दिन तुना नावनी खुर्चीवर बससू." पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता.

मी म्हणालो, "आप्पा, नियम शे. एजंटले लिहिता-वाचता येवाले पाह्यजे."

असा नियम नाही. सगळी पुस्तिका मी दोनदा वाचली होती. दुसरं कारण सांगता आलं नसतं का? तब्येतीचं, उन्हाचं? आलं असतं. पण त्यांनी वाद घातला असता. कागदाचं नाव घेतलं की ते गप्प बसतात — हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"नियम शे तं शे," म्हणाले. शर्ट घडी करून ठेवला. मतदानाच्या दिवशी तोच घालून आले आणि केंद्राभोवतीच्या शंभर मीटरच्या रेषेबाहेर उभे राहिले.

मी पडलो. महिन्याभराने समोरच्या पक्षाचा तो लारीवरचा माणूस भेटला. आमची ठिकाणं त्याला कोण सांगायचं, ते विचारलंच मी. तो खो खो हसला. "साहेब, मीबी दहा वरीस मशीन चालवेल शे. पाळी कव्हय सुटस, हाई काय कोणी सांगाले पाह्यजे? आनि तुमना आप्पा — मना चहा पिईसन माले म्हणे, मत मना पोऱ्याले दे!"

तोवर आप्पा काम सोडून गावी गेले होते. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा गुडघ्यांची चौकशी करून ठेवला. मग पत्र लिहिलं. घरात वाचणारी फक्त त्यांची सून आहे, हे ठाऊक असूनही.

"आप्पा, साष्टांग नमस्कार.

हे पत्र सूनबाई वाचून दाखवतील. त्यांनाही कळू दे. एजंटला लिहिता-वाचता यावं लागतं असा नियम नाही. कधीच नव्हता. तुम्ही फितूर झालात असा मला संशय होता आणि तो तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. म्हणून तुम्हाला अक्षर येत नाही, याचाच मी फायदा घेतला. फितूर कोणीच नव्हतं, हे आता कळलं आहे. तुमच्या जागी मी ज्याला बसवलं, तो दुपारीच उठून गेला. संध्याकाळपर्यंत आपली खुर्ची रिकामी होती, आणि तुम्ही बाहेर उन्हात उभे होतात."