डाव्या तारेचा एक आटा

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, आणि त्याचा मला पगार मिळायचा. रबाळ्याच्या एका डिझाइन ऑफिसात मी चेकर होतो. ड्राफ्ट्समन ड्रॉइंग काढतो आणि चेकर त्यातलं एकेक माप तपासतो. बरोबर निघालं की त्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची, चुकलं की लाल गोल. आणि जो आकडा कुठून आला हे सांगता येत नाही, तो कागदावर ठेवायचाच नाही. ‘कुठून आला?’ हा माझा प्रश्न ऑफिसात इतका गाजलेला होता, की चहा आणला तरी पोरं एकमेकांना तेच विचारायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

प्रियदर्शिनी माझ्या हाताखाली एकोणीस वर्षं होती. पाइपांखालच्या लोखंडी चौकटी काढायची ती. हात स्वच्छ, डोकं शांत, बोलणं कमी. ऑफिस पुण्याला गेलं तेव्हा मी रिटायर झालो, आणि ती उलव्याच्या फ्लॅटमध्ये बसून बाहेरची कामं घ्यायला लागली. मग एक दिवस तिचा फोन आला, ‘सर, माझं एक विमान चेक कराल का?’ मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

डोकं जाग्यावर होतं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर असतो, त्यात हौशी लोक आपण बनवलेली विमानं घालतात. त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात. बाई टायगर मॉथ बनवत होत्या. नव्वद वर्षांपूर्वीचं, एकावर एक दोन पंखांचं, लाकूड आणि कापडाचं विमान. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत पूर्वी यावरच शिकवायचे. खिडकीतून समोर नवाकोरा विमानतळ दिसतो आणि ही त्याच्याकडे पाठ करून पणजोबांच्या काळातल्या पंखांना कापड चढवत बसलेली. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, ‘सर, जेटमध्ये सगळं झाकलेलं असतं. यात काय कशाच्या जोरावर उभंय ते डोळ्यांना दिसतं. तारा, खांब, सगळं उघडं.’ हे उत्तर मला पटलं. चौकटी काढणारी बाई दुसरं काय बोलणार!

तिने विमानाचे आकडे एका तक्त्यात मांडले होते, सव्वातीनशेच्या वर. वजन, पंखांचा कोन, कुठल्या वेगाला काय होतं, शेपटी किती ऐकते. मी घणसोलीहून दर शनिवारी जायचो, ती जुनी हस्तपुस्तकं आणि ड्रॉइंगं पुढे ठेवायची, मी पिवळी पेन्सिल फिरवायचो. रिटायर माणसाला याहून सुख काय पाहिजे? आम्ही दोघांनीही विमानाला आयुष्यात हात लावलेला नव्हता, पण ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

झहूरकाका आले ते आवाजावरून. खालच्या मजल्यावर नाझिया राहते, शाळेत शिकवते. तिचे वडील उरणजवळ मोरा बंदराला असतात, शनिवारी लेकीकडे येतात. त्या दिवशी प्रियदर्शिनीने विमानाच्या इंजिनाचा आवाज स्पीकरवर मोठा लावला होता. दार वाजलं. दारात त्र्याऐंशी वर्षांचे, काटक, पांढरी टोपी घातलेले आजोबा, आणि मागे ओशाळलेली नाझिया. ‘सॉरी हां, अब्बा ऐकतच नाहीत,’ ती म्हणाली. आजोबांनी आम्हांला सलाम केला आणि विचारलं, ‘मॉथ हाय ना?’

तरुणपणी ते एका फ्लाइंग क्लबात विमानांच्या तारा बसवायचे. हे आम्हांलाच काय, नाझियालाही तेव्हाच कळलं. तिला एवढंच ठाऊक होतं, की अब्बांनी जन्मभर मोऱ्याच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त केली.

काका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘उडव.’ प्रियदर्शिनीने विमान धावपट्टीवर सोडलं. ते डावीकडे ओढायला लागलं, तिने सावरलं. काकांनी मान हलवली. ‘उजवीकडं वढतं ता. याचा पुडचा पंखा उलटा फिरतो.’ आम्ही पुस्तक उघडलं. म्हातारा बरोबर होता. तिने पाया म्हणून दुसऱ्याच विमानाची फाइल घेतली होती आणि ही खोड तिथून चिकटून आली होती. आणि त्या आकड्यावर माझी पिवळी पेन्सिल फिरलेली होती. मी तिथे लाल गोल केला. काका मात्र हसले, ‘साहेब, पुस्तकात बगून नाय कलत, शेपूट धरून उभं रवावं लागतं.’

त्यानंतर चार महिने शनिवार आम्हां तिघांचा झाला. काका काही वाचायचे नाहीत, डोळे मिटून ऐकायचे. उतरताना तारा कशा गातात, वेग कमी झाला की तो सूर कसा खाली येतो, हे ते तोंडाने करून दाखवायचे आणि प्रियदर्शिनी ते रेकॉर्ड करायची. तारेला बोटाने टिचकी मारून ती किती ताणलीय ते सांगता यायचं म्हणे. ती बोटं त्यांनी टेबलाच्या कडेवर वाजवून दाखवली, तेव्हा ती थरथरत नव्हती. एरवी चहाचा कप धरताना थरथरायची. माझा लाल गोल काढायचा हट्टही कमी झाला होता. हे मी कबूल करतो, कारण पुढे जे मी केलं ते कळायला त्याची गरज आहे.

एका शनिवारी नाझिया शाळेच्या कामाने बाहेर होती. काकांनी हळूच विचारलं, ‘पोरी, तुज्या इमानाच्या डाव्या पंखाची मागची तार एक आटा सैल केली, तर काय होल?’

तारेच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. एक आटा फिरवला की पंखाचा कोन जरासा बदलतो. प्रियदर्शिनीने विचारलं, ‘का, काका?’ आणि मग त्यांनी सांगितलं, जे साठ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. एका सकाळी विमान डावीकडे जड लागतंय अशी तक्रार आली. त्यांनी डाव्या पंखाची मागची तार एक आटा सैल केली, मागची कड किंचित खाली आली. असा पंख जास्त उचलतो, पण वेग पडला की तोच आधी दगा देतो. दुपारी एक शिकाऊ मुलगा एकटा उडाला. उतरायला वळताना विमान डावीकडे कलंडलं आणि भोवऱ्यासारखं फिरत धावपट्टीच्या टोकाला पडलं. मुलगा वीस वर्षांचा होता. चौकशी झाली. एक आटा म्हणजे पंखाचा किती कोन, यावर वाद झाला. विमानाचा चुराडा झालेला, मोजणार कशावर? चौकशीच्या साहेबांनी अंदाजाने अर्धा अंश धरला, तेवढ्याने विमान पडतं म्हणून दोष तारेचा ठरवला आणि झहूरना उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. पोलीस आले नाहीत, शिक्षा झाली नाही. ते घरी आले, लाँचीवर कामाला लागले आणि गप्प बसले.

‘मना बगायचं हाय,’ ते म्हणाले. ‘मी मारला काय त्याला?’

प्रियदर्शिनीने वही उघडली आणि त्या दुपारी वारा कसा होता ते विचारलं.

प्रियदर्शिनी आठ दिवस बाकी कामं बाजूला ठेवून बसली. हवा, दुपारचा वारा, मुलाचं वजन, वळण, सगळं काकांनी सांगितलं तसं घातलं. पुढच्या शनिवारी तिने दाखवलं. विमान वळलं, डावा पंख जरा खाली गेला, थरथरला, आणि सावरला. विमान टेकलं. काकांनी ते तीन वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्यांनी पुसले नाहीत. म्हणाले, ‘उतरला पोर.’ प्रियदर्शिनी आत पाणी आणायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पंधरा दिवसांनी नाझिया जिन्यात भेटली. ‘सर, काय केलंत तुम्ही लोकांनी? अब्बा मोऱ्याच्या धक्क्यावर बसून सगळ्यांना सांगतायत, मी इमानाच्या तारा बसवायचो म्हणून. जेवतायत पण नीट. मी इतकी वर्षं टेन्शनमध्ये, की हे असे गप्प गप्प का.’ तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं.

मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण तक्ता तपासायचा राहिला होता. शेवटच्या पानावर नवी ओळ होती: तार एक आटा सैल, कोनात फरक ०.२ अंश. मी सवयीने विचारलं, ‘कुठून आला?’

प्रियदर्शिनी पडद्याकडेच बघत राहिली. ‘सर, हा एक राहू द्या.’

‘कुठून आला?’

‘मनाने धरला. कुठल्याच ड्रॉइंगवर नाहीये. अर्धा घातला की पडतं. मी घालून बघितलंय.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘दोन्हींपैकी खरं काय ते आता कुणालाच कळणार नाही. मग हा का नको?’

मी पॉइंट तीन घातला, पॉइंट चार घातला. पॉइंट चारला विमान फिरत खाली आलं. मी स्वतः बघितलं. मी त्या ०.२ ला लाल गोल केला. ती म्हणाली, ‘तुम्ही काकांना सांगणार नाही ना?’ मी म्हटलं, नाही.

पंधरा दिवस मला चैन पडेना. एकोणीस वर्षं ज्या पोरीला मी शिकवलं, तिने उत्तर आधी ठरवलं आणि आकडा मागून बसवला. आणि एक म्हातारा त्यावर विश्वास ठेवून धक्क्यावर हसत बसला होता. मला वाटलं, ही फसवणूक आहे. मला वाटलं, त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला खरं ऐकायचा हक्क आहे. आज विचार केला की वाटतं, पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चूक पकडली होती, तेही कुठेतरी मला सलत असणार. माणूस स्वतःला किती फसवतो याला कुठलाही चेकर पुरा पडत नाही.

नेरूळहून उरणची गाडी धरली आणि मोऱ्याला गेलो. काका ओट्यावर बसले होते. मला बघून इतके खूश झाले, की आत ओरडून चहा सांगितला, शेजारच्याला हाक मारली, ‘हे साहेब, माज्याबरोबर इमानाचं काम करतात!’ शेजारी जाईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. आकडा अंदाजाने धरलाय. पॉइंट चार धरला तर विमान पडतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हे सगळं मी ऑफिसात सांगायचो तशाच आवाजात सांगितलं.

काका ओट्याच्या फरशीवर बोट फिरवायला लागले. वाईट वाटलेलं दिसलं, पण धक्का बसलेला दिसला नाही.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘तार सैल केली ती या हातांनी. एका आट्याला पंख किती हलतो ता या बोटांना म्हायत नाय काय? तिनं कमीच धरलंय. पयल्याच दिवशी कललं मना.’

मी म्हटलं, ‘मग बोलला का नाहीत?’

‘काय बोलू? तवा त्या साहेबांनी बी अंदाजच धरला. माज्या इरुद्ध धरला. साठ वरसांत एक मानूस निगाला, ज्यानी माज्या बाजूनं धरला.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ‘ती पोरगी खोटं सांगत होती ता मना ठावं होतं. पन तुमी बी बाजूला बसलेले होते. मी म्हनलं, आपल्या साहेबांनी बी बगितलं, साहेब काय बोलले नाय. म्हंजे माज्या बाजूनं दोगं.’

आतून त्यांची सून चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवून गेली.

‘चहा घ्या,’ काका म्हणाले, ‘आनि शनवारी माजी वाट बगू नका.’