बांधावरचा वावळा

परवा परभणीत रस्त्याकडेच्या वावळ्याचं पान हातात चुरगळलं आणि त्या उग्र वासासरशी पेडगावचं आमचं शेत आठवलं.

आंबा, चिंच, लिंब, बोर. आमच्या बांधावर फुकट उभं राहायची कुठल्याच झाडाला मुभा नव्हती. वावळा तेवढा वाऱ्यावर बी येऊन, जंगलात उगवावा तसा आपला आपण उगवलेला. बांध साफ करताना आईनं कुऱ्हाड उचलली. "ना फळ, ना चारा. कशाला ठिवायलाव हे?"

मूलबाळ नाही म्हणून सासरनं परत पाठवलेली आत्या शेजारीच भाकरीचं फडकं सोडत होती.

वडील म्हणाले, "असू दे. जंगलात कोन इचारतंय झाडाला, तू कशाच्या कामाचं म्हणून?"

मला वाटलं, झाडाचंच बोलायलेत. आमच्याकडं आल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या आत्यानं त्या दुपारी दुसरी भाकर मागून घेतली.