आतोबांचं गाऱ्हाणं मोबाइलवर

देवाशी इतक्या हक्काने आणि इतक्या चढ्या आवाजात बोलणारा माणूस माझ्या आतोबांखेरीज दुसरा नसेल, निदान मालवण तालुक्यात तरी नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्येचे यजमान, मुक्काम देवबाग. शुभकार्य कुणाकडेही असो, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं बोलावणं त्यांनाच. "बा देवा म्हाराजा" म्हणून ते सुरुवात करणार, घरातल्या एकेकाचं नाव आणि दुखणं घेऊन देवाकडे मागणं मागणार, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. त्यांनी होडीला, विहिरीला, पर्यटकांच्या पॅराशूटला, झालंच तर वाडीतल्या मोबाइलच्या टॉवरलासुद्धा गाऱ्हाणं घातलं आहे. टॉवरची रेंज मात्र अजून अर्धीमुर्धीच येते. त्याचं कारण आतोबांकडे तयार असतं. "कंपनीचो माणूस होय म्हाराजा बोललोच नाय, रेंज येतली खंयसून?"

मोबाइल हातात आला आणि देवाचा व्याप वाढला. मुंबईचे चाकरमानी नव्या फ्लॅटचं, दुबईचे नव्या नोकरीचं गाऱ्हाणं व्हिडिओ कॉलवर घालून घेऊ लागले. कॉल लागला की आतोबा आधी चपला काढतात आणि पलीकडच्यांनाही काढायला लावतात. नुसतं "काढल्यो" म्हणून भागत नाही, कॅमेरा खाली करून पाय दाखवावे लागतात. एकदा भक्तिभावाच्या भरात त्यांनी मोबाइललाच कुंकू लावलं, तेही नेमकं कॅमेऱ्यावर. तिकडे विरारला माझ्या चुलतभावाच्या वास्तुशांतीत आतोबा अचानक लालभडक होऊन नाहीसे झाले आणि त्याची सासू रडायलाच लागली. अर्ध्या रेंजमुळे पलीकडचं "होय म्हाराजा" उशिरा पोचतं. तोवर आतोबा हात वर करून थांबून राहतात. आत्या आतून ओरडते, "आवरा आता, जेवाण निवला. देवाक सांगा, मगे फोन करतंय म्हणान."

मग शेजारच्यांच्या नव्या होडीला घातलेलं गाऱ्हाणं कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि ती क्लिप जिल्हाभर फिरली. आतोबा हरखून गेले. बाजारात अनोळखी माणसं त्यांना बघून "होय म्हाराजा" म्हणू लागली. पण हळूहळू बोलावणी कमी झाली. लोकांना आतोबा खिशात मिळाले होते, त्यांना वेगळं बोलवायचं कशाला आणि जेवायला तरी घालायचं कशाला? आतोबा मात्र रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसत आणि फोनकडे बघत राहत. मला ते बघवत नसे.

परवा मालवणच्या बाजारात एका ब्युटी पार्लरचं उद्घाटन होतं. पार्लरवाली त्यांच्याच वाडीतली सून, म्हणून आतोबांना आणि मला आमंत्रण. आता आपल्यालाच गाऱ्हाणं घालायला सांगणार म्हणून आतोबा घरचा नारळ घेऊन निघाले. आत शिरतो तर टेबलावर स्पीकर, आणि त्यातून आतोबांचाच आवाज! "हिच्या जाळ्यात सुरमय-पापलेट गावांदेत म्हाराजा!" नटूनथटून आलेल्या बायका एका सुरात, "होय म्हाराजा!" "हिचो रंग पावसापाण्यात उडूक दिव नको म्हाराजा!" "होय म्हाराजा!" मला हसू आवरेना. आतोबांचा चेहरा मात्र पार उतरला. "चुकला, चुकला! ह्या होडयेचा आसा, हयचा न्हय!" ते स्पीकरवर ओरडले. पण ऐकतो कोण? आणि बंद कराही म्हणवेना, कारण गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नाही हा त्यांचाच दंडक. शेवटी हात जोडून ते कोपऱ्यात उभे राहिले आणि स्वतःच्याच आवाजाला बारीक तोंड करून "होय म्हाराजा" म्हणत गेले.

पेढे वाटून झाले, बायका पांगल्या. आतोबा दाराशी चपला शोधत होते, तेवढ्यात पार्लरवाली जवळ आली. दिवस भरत आलेले होते तिचे. "आबानु, माझो घोव बोटीर आसा. ह्या खेपेक सुट्टी गावत नाय म्हणतत. ता तुमच्या त्या मोबाइलातल्या गाऱ्हाण्यात नाय ओ."

आतोबांनी पायात घातलेली एक चप्पल पुन्हा काढली. "नाव काय गो बाये तेचा?"

नवऱ्याचं नाव घेताना ती लाजली आणि मग एकदम रडली. आतोबांनी नारळ ठेवला. इतक्या हळू आवाजात त्यांना देवाशी बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, तिचं घेतलं, अजून नाव नसलेल्या लेकराचंही सांगितलं. "झिलाचा नायतर चेडवाचा तोंड बघूक तरी तेका येळार घराक घेवन ये म्हाराजा." होय म्हाराजा म्हणायला आम्ही दोघंच होतो. कुणी मोबाइल काढला नाही.

आतोबा आता थकलेत. गाऱ्हाणं घालताना मध्येच दम लागतो. कधीतरी ते नसतील आणि ती क्लिप राहील, तितक्याच खणखणीत आवाजात कुणासाठीही मासळी मागत. तेव्हा माझे गुडघे आणि माझ्या लेकीचं अडलेलं लग्न देवाच्या कानावर कोण घालणार, या विचाराने मला आतापासूनच पोरकं वाटतं.