द्राक्षबागेतले हातमोजे

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मला घरात बसवत नाही. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी नुसत्या येरझारा घालते. नवरा म्हणतो, "जा बाई एकदाची दिंडोरीला, फरशी झिजेल." त्याची चेष्टा होते, पण मला खरंच चैन पडत नाही. शेतमजुरांची संघटना चालवता चालवता केस पांढरे झाले, तरी ती एक छाटणी अजून विसरता येत नाही.

पेठच्या डोंगरातून दहा जोडप्यांची टोळी दिंडोरीच्या एका बागेत उतरली होती. कामाची रीत अशी, की नवरा कात्रीने काड्या छाटत पुढे जातो आणि मागून बायको काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत येते, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. औषध जहाल, आणि लावायचं कापडाच्या बोळ्याने, उघड्या हाताने. त्यांच्यातली एक पोरगी जेमतेम विशीची होती. पाच महिन्यांचं बाळ बांधावर सासूजवळ झोळीत, आणि हिच्या बोटांची सालटी निघालेली. दूध पाजायचं तर बाळाला हात लागू नये म्हणून ती त्याला कोपरांनी उचलायची. ते बघून माझं डोकंच फिरलं.

तिथल्या तिथे बागायतदाराला गाठलं. "हातमोजे आल्याशिवाय काम बंद!" छाटल्यावर दीड-दोन दिवसांत पेस्ट लागली नाही तर बाग मागेपुढे फुटते, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. "ताई, तुम्हाला बरोब्बर आत्ताच मुहूर्त सापडला का?" म्हणून तो चडफडला, पण कबूल झाला. टोळीकडून मुकादम आणि पुरुष बोलायला बसले होते. मी ऐटीत कागद लिहिला, सह्या घेतल्या आणि गड जिंकल्यासारखी बसने घरी आले.

तिसऱ्या दिवशी गेले, तर हातमोजे पुरुषांच्या हातात! बायका आपल्या तशाच पेस्ट लावताहेत. त्या पोरीच्या नवऱ्यावर मी खेकसले, "अरे, लाज कशी वाटत नाही?"

तो बावरला. "कात्रीनं फोड येत्यात ना ताई. आन् जोडीमागं एकाचेच आले."

मी तणतणत बागायतदाराकडे गेले. त्याने शांतपणे कागद पुढे केला. अक्षर माझंच: दहा जोड्यांना दहा जणांचे हातमोजे. कप्पाळ माझं! टोळीत माणसं मोजतात ती जोडीने, आणि जोडीच्या वतीने बोलतो तो पुरुष. इतकी वर्षं त्यांच्यात वावरून मीही तशीच मोजायला लागले होते. एका बाईला म्हणून विचारलं नव्हतं. इतकी शरम मला कधी वाटली नाही.

बायकांना गोळा करून म्हटलं, "माझं चुकलं. उद्या कामावर जाऊ नका. मी बोलते त्याच्याशी."

"उद्या?" ती पोरगी म्हणाली. "ताई, उद्या दुपारी पेस्ट लावून संपंल. मंग त्याला आमची गरज काय?"

मी पिशवीतून कागद-पेन काढायला लागले.

"आजच बसतो आमी. आन् तुमी नका बोलू आता."

तिने बोळा बादलीत टाकला आणि बाळ माझ्या मांडीवर द्यायला सासूला सांगितलं. नवरा मागून म्हणाला, "अगं, एवढी ओळ तरी पुरी कर." तिने वळूनही पाहिलं नाही. दहाही जणी वेलींखाली बसल्या. माझी जीभ सारखी वळवळत होती. दोनदा उठायला गेले, दोन्ही वेळा बाळ रडलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझ्याच लढ्यात मला पोर सांभाळायला बसवलं होतं.

बागायतदार आला, ओरडला, मग मोटारसायकल काढून गेला. तासाभराने खोकं घेऊन परतला. बायकांनी हातमोजे घातले आणि कामाला लागल्या. कागद कुणीच मागितला नाही.

सुट्टी झाल्यावर मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी बोलणी असतील तेव्हा तुलाही बसवीन हं."

"तुमी कशाला बसवताय?" ती म्हणाली. "आमी बसू."