चौदा मार्च, बोलपटाचा दिवस

मंदा सामंत गिरगावातून मीरा रोडला राहायला आल्या तेव्हा त्यांचे यजमान होते. पेपरातला दिनविशेष मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांना हौस. लढाया, तह वगैरे त्यांचे आणि सिनेमा-नाटकाचं खातं मंदाताईंकडे. कुठल्या नाटकाचा पडदा आज पहिल्यांदा वर गेला, कुठला सिनेमा आजच्या तारखेला लागला, सगळं त्यांना तोंडपाठ. यजमान गेले आणि सकाळचा चहा मुकाट्यानं व्हायला लागला. मग एक दिवस मंदाताई खडू घेऊन खाली उतरल्या आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहून आल्या, ‘आजच्या दिवशी...’

लोक वाचायला लागले. पहिल्या मजल्यावरचे कपाडियाभाई तर चष्मा लावून रोज फळ्यासमोर उभे राहायचे. मंदाताई मात्र कुणी दिसायच्या आत वर निघून जायच्या. बोलायची सवयच मोडली होती.

होळीच्या सुमारास लॉबीचं रंगकाम निघालं. फळा गेला आणि तिथं टीव्हीसारखा स्क्रीन लागला. सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले, “आंटी, अब सब इसी पे आयेगा. पानी का टाइम, मीटिंग, सब कुछ.”

‘आणि माझं?’ असं मनाशी म्हणत मंदाताईंनी घरी येऊन खडूचा डबा कपाटात ठेवून दिला.

चौदा मार्चला त्या कोथिंबीर आणायला निघाल्या. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची रुचिता भेटली, ऑफिसला निघालेली. ती म्हणाली, “काकू, आज काय झालं होतं हो? फळा गेल्यापासून ना, दिवस सुरू झालाय असं वाटतच नाही.”

“आज होय?” मंदाताईंनी घसा साफ केला. “आज आपला पहिला बोलपट लागला. एकोणीसशे एकतीस साली, आमच्या गिरगावातच, मॅजेस्टिकला. ही गर्दी! पोलीस बोलवावे लागले. माझे सासरे तेव्हा शाळकरी. शाळा बुडवून गेले. तिकीट कुठलं मिळायला! मागच्या भिंतीला कान लावून गाणं ऐकलं आणि घरी येऊन मार खाल्ला.”

लिफ्ट खाली पोचली होती. दारात कपाडियाभाई उभे होते, पण कुणी बाहेर येईना आणि ते आत शिरेनात. “पछी? फिर क्या हुआ?” त्यांनी विचारलं.

“थांबा काकू, पहिल्यापासून सांगा,” म्हणत रुचितानं मोबाइल पुढे धरला.

ते रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर गेलं. लोकांनी ते पुढे कुणाकुणाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रुचिता सकाळीच दारात हजर, “काकू, आजचं?” मग ते रोजचंच झालं. मंदाताई आदल्या संध्याकाळी मनात जुळवाजुळव करायच्या, सकाळी केस विंचरून बसायच्या. आवाजाला केस कशाला विंचरायचे, असं रुचितानं विचारलं तर म्हणाल्या, “कळतं गं ऐकणाऱ्याला.”

आठवड्याभरानं अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे एका बाईंचा थकलेला आवाज होता.

“हॅलो, मुंबई?”

मंदाताईंच्या तोंडून आपसूक निघालं, “बोला, रत्नागिरी.”



मंदाताई तरुणपणी मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या आणि मनोरमा साळवी रत्नागिरीच्या. तारेवर एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायची. कॉल जोडून झाले की मनोरमा विचारायची, “शुक्रवारी काय लागलं गं?” सिनेमा रत्नागिरीला पोचायला महिने लागायचे, म्हणून मंदा तिला तारेवरूनच सगळी गोष्ट सांगायची, गाण्यांसकट. पुढे थेट फोन आले, ट्रंकचं टेबल बंद झालं, दोघींची लग्नं झाली. एकमेकींचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“सून मोबाइल ऐकत होती,” मनोरमाबाई म्हणाल्या. “मी भाजी निवडत होते. म्हटलं, अगं, ही आमची मुंबई! मग तिनंच विचारत विचारत तुझा नंबर काढला. खाडीपुलाजवळ वरसाव्याला असते मी, मुलाकडे. तू?”

“मीरा रोड!” मंदाताई हसतच सुटल्या. “अगं, रिक्षाच्या अंतरावर होतीस की!”

रविवारी मनोरमाबाई आल्या. दारातच दोघींनी एकमेकींना आधी नीट निरखून घेतलं.

“मला वाटलं होतं तू उंच असशील,” मनोरमाबाई म्हणाल्या.

“आणि मला वाटलं होतं तू बारीक,” मंदाताई म्हणाल्या, आणि हात धरून तिला आत घेऊन आल्या.

संध्याकाळी मीरा रोडच्या नाट्यगृहात नवीन नाटकाचा प्रयोग होता. रुचितानं तिकिटं काढून ठेवली होती. वाटेत रिक्षात मनोरमाबाईंनी विचारलं, “गोष्ट काय आहे गं?”

“मला माहीत नाही,” मंदाताई म्हणाल्या. “आज दोघी मिळूनच बघू.”