डिकीत ठोकलेले आकडे

हे बायकोला माहीत नाही. मुलाला माहीत नाही. देवासमोर तर मी भलतंच बोललोय — ते सांगतोच, पण जरा दमानं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

मालवणात बसस्टँडच्या मागे माझं गॅरेज आहे. पत्र्याचं काम, वेल्डिंग, रंग. खारा वारा इथे गाड्या खातो, त्यामुळे हाताला काम कमी पडत नाही. दिगंबरचा हात चांगला, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

तारकर्लीच्या आबांकडे एक जुनी जर्मन गाडी होती. फिकट निळी, दोन दारांची, बसकी स्पोर्ट्स गाडी. इंजिन मागे आणि डिकी पुढे, म्हणून गावातले लोक तिला उलटी गाडी म्हणायचे. आबा तरुणपणी गोव्यात खाणीवर एका जर्मन इंजिनिअरचे ड्रायव्हर होते. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने आपली ही गाडी आबांच्या नावावर करून दिली. एवढाच तिचा इतिहास — आधी साहेब, मग आबा. कागद सगळे रीतसर. पण ड्रायव्हरला अशी गाडी कोण देतं हो? गावाने हे कधी तोंडावर विचारलं नाही आणि पाठीमागे बोलायचं कधी सोडलं नाही. आबा ऐकायचे आणि हसायचे. त्यांना हसता येत होतं, कारण डिकीतल्या पत्र्यावर कारखान्यातच कोरलेला नंबर होता आणि तो कागदांशी तंतोतंत जुळत होता.

नारळ पडेल म्हणून ती गाडी त्यांनी माडाखाली कधी उभी केली नाही. धुवायला विहिरीचं गोडं पाणी. तरी खाऱ्या वाऱ्याने गाठलंच, डिकीचा तळ सडला. आबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जामसंड्याला मायाकडे चालले होते — माया त्यांची एकुलती लेक, तिथे शाळेत शिकवते. जाताना गाडी माझ्याकडे सोडली, डिकी उघडली आणि नंबरावर बोट ठेवलं.

"दिग्या, काय करूचा ता कर, पण ह्या आकड्यांका हात लावू नको. सायबान सांगल्यान हा, गाडयेचो जीव हयसर आसा."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

आणि मग — नंबराच्या बाजूचा पत्रा वरून धड दिसत होता, आतून पार कुजलेला. वेल्डिंगची ज्योत मी जरा जवळ नेली. ओलं फडकं लावून घेतलं असतं तर? दोन दिवस थांबून आबांना विचारलं असतं तर? पत्रा जळला आणि आकडे माझ्या डोळ्यांदेखत वितळले. मी घाबरलो. तो अख्खा तुकडाच कापला आणि कर्लीच्या खाडीत टाकून आलो. नवा पत्रा बसवला आणि लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचांनी तोच नंबर पुन्हा ठोकला. वर रंग मारला. खरं सांगू? काम झाल्यावर ते मला आवडलं होतं.

आबा परत आले, आकड्यांवरून बोट फिरवलं. "बरा केलंस," म्हणाले. तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा ती नुसती चूक होती. शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता.

पुढे मायाच्या मनात आलं, आबांना गाडीसकट गोव्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायचं. त्याआधी गाडी पारखायला पुण्याहून एक जाणकार आबांकडे आला, मलाही बोलावलं होतं. डिकीत टॉर्च मारून तो बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, हा नंबर कारखान्याचा नाही, मागाहून ठोकलाय. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीचे कागद जोडताना असं करतात. मग माझ्याकडे वळला — हा पत्रा कधी बदलला होता का?

आबा माझ्याकडे बघत होते. माया बघत होती. नंबर ठोकणं म्हणजे पोलिसांचं लचांड, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, रंग तेवढा दिला, पत्र्याला हात लावला नाही.

एवढंच वाक्य. सगळ्या गावाला तेवढं पुरलं. आणि नंतर अंगणात, माझ्या देखत, मायाने विचारलं, "आबा, खरा सांगा, ही गाडी खंयसून इली?" आबांनी डिकीचं झाकण लावलं. त्यांचा चेहरा मला आजही विसरता येत नाही.

त्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गुरव देवाला हाक मारतो आणि मागे उभे असलेले सगळे एका आवाजात होकार देतात. त्या दिवशी मागे माणसं थोडी होती. मी होतो. आबांनीच बोलावलं होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा. ह्येच्या नावाक बट्टो लागलो हा. जेना कोणी खोटा केल्यान आसात, तेका उघड्यार हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

माझा आवाज सगळ्यात मोठा होता. मी माझ्याविरुद्ध देवाला होकार दिला, आणि आबांनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांना कळलं होतं का? आकड्यांना हात लावू नको, हे त्यांनी मलाच सांगितलं होतं ना? मग एकदाही का विचारलं नाही मला? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं — हे लिहितानाही मला ठाऊक आहे, की नसतं सांगितलं.

आबांनी गाडी पुन्हा बाहेर काढली नाही. ताडपत्री घालून ठेवली. पुढच्या शिमग्याआधी ते गेले. तिरडी बांधताना मागे कोणीतरी पुटपुटलं, गाडी मात्र पचवली म्हाताऱ्याने. मी ऐकलं आणि सुंभाची गाठ मारली.

दिवसकार्य झाल्यावर माया गॅरेजवर आली. तिला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती.

"दादा, तुमीच व्हरा ही. तुमच्याच हाताची सवय आसा तिका."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी घेतली. आरसी बुकात आता मालक म्हणून माझं नाव आहे. साहेब, आबा, मी. साहेबाने ती आबांना दिली होती हे आता मी सोडून जगात कोणाला खरं वाटत नाही, त्यांच्या लेकीलासुद्धा नाही. डिकी उघडली की माझेच आकडे दिसतात. अजून एकही पुसट झालेला नाही.

मायाच्या गावाला, जामसंड्याला जाणारी एसटी रोज सकाळी माझ्या गॅरेजवरून जाते. मी अजून तिच्यात बसलेलो नाही.